महागड्या घडीच्या चाकूंच्या कंपनीने मल्टीटूल काढावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रमंडळींचे चाकू मी हौसेने धार लावून देतो. सहाणेवर पातं फिरत असताना समोर बसलेला माणूस गप्प राहत नाही, आणि फिरून फिरून एकच विषय निघतो. एका पात्याचे देखणे, महाग चाकू करणाऱ्या कंपनीने मल्टीटूलही काढावं, की आपलं पातंच सांभाळावं? प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. मी कुठल्या कंपनीचा नोकर नाही की विक्रेताही नाही. मतं माझी आहेत आणि ती वापरातून बनलेली आहेत.

मुळात ‘प्रीमियम’ चाकूत आपण पैसे कशाचे मोजतो?

पोलादाचे, असं बहुतेकांना वाटतं. पोलादाचे मोजतोच, पण त्याहून जास्त सांध्याचे. घडीचा चाकू म्हणजे शेवटी एक पातं, एक मूठ आणि त्यांना जोडणारा एक सांधा. चाकू मिटून उजेडासमोर धरा आणि वरून आत बघा. पातं मुठीच्या बरोबर मध्यावर आहे का? दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का? मग उघडा, टोकाजवळ चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. स्वस्त चाकूत बारीकसा खुळखुळाट बोटांना कळतो. चांगल्या चाकूत काहीच कळत नाही, आणि ते ‘काहीच नाही’ मिळवायला कारखान्यात सगळी मेहनत लागते. पोलाद बाजारातून विकत आणता येतं. सांधा मात्र स्वतःच बसवावा लागतो.

पुढचे सगळे प्रश्न या एका सांध्याशी येऊन थांबतात, म्हणून हे आधी सांगितलं.

मल्टीटूल म्हणजे नेमकं कोणतं?

इथेच अर्धी भांडणं होतात, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळ्या वस्तू असतात.

पहिला प्रकार स्विस पद्धतीचा. एकावर एक थर, मध्ये पातळ पत्रे, पाठीला स्प्रिंगच्या पट्ट्या, आणि प्रत्येक थरात पातं, स्क्रूड्रायव्हर, कात्री वगैरे. याचा आकार चाकूचाच असतो. दुसरा प्रकार पकडीचा. दोन मुठी उलगडल्या की मध्ये पक्कड तयार होते आणि बाकीची अवजारं मुठींच्या पोटात असतात. पहिला प्रकार म्हणजे अवजारं सांभाळणारा चाकू. दुसरा म्हणजे पातं सांभाळणारी पक्कड. कंपनीने काय करावं हे या फरकावर बरंच ठरतं.

तुमचं मत थोडक्यात?

काढावं. पण पहिल्या प्रकारातलं, दोनच थरांचं, आणि पकडीच्या वाटेला न जाता. ज्या कंपनीला हे जमणार नसेल तिने काढूच नये.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं नाही का होणार? नामांकित कारागिराला मल्टीटूल शोभतं का?

शोभण्याचं म्हणाल तर इतिहास उलटं सांगतो. चाकू-कात्र्यांच्या धंद्यात एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्डचं नाव सगळ्यांत वर होतं, आणि शेफिल्डात जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा मान मोठा. 1851 साली लंडनला महाप्रदर्शन भरलं तेव्हा या कंपनीने जो चाकू मांडला त्यात पाती आणि अवजारं मिळून 75 नग होते. ‘नॉरफोक नाइफ’ म्हणून तो ओळखला जातो. तो खिशात घालायला नव्हताच, पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं म्हणून होता. आमच्या कारागिराला एक सांधा नाही, 75 सांधे सारखे बसवता येतात, एवढंच त्यातून दाखवायचं होतं. म्हणजे बहुपाती चाकू हा त्या काळी कमीपणाचा प्रकार नव्हता. कसबाची ती कमाल होती.

कमीपणा नंतर चिकटला. स्वस्त नकला निघाल्या. त्यांचा बूच काढायचा स्क्रू पहिल्याच बुचात सरळ होई, कात्री कागद कापायच्या ऐवजी दुमडून टाकी. भाराभर चिंध्या हे त्यांचं वर्णन आहे, आणि अगदी बरोबर आहे.

स्विस चाकू सैन्यासाठी झाला हे खरं का?

खरं आहे, आणि आपल्या प्रश्नाला ते उपयोगीही आहे. कार्ल एल्झनर यांनी 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे आपला कारखाना काढला. स्विस सैन्याला असा चाकू हवा होता की ज्याने 1889 ची श्मिट-रुबिन रायफल खोलता येईल आणि जेवणाचा डबाही उघडता येईल. त्या सैनिकी चाकूत चारच वस्तू होत्या: पातं, आरी, डबा फोडायचं अवजार आणि स्क्रूड्रायव्हर. प्रत्येकीला ठरलेलं काम होतं. ‘आणखी काय घालता येईल’ असा विचार करून तो चाकू जन्मला नाही, समोर पडलेल्या दोन कामांतून जन्मला.

पुढे 1897 मध्ये एल्झनर यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यातली खुबी अशी की पाठीच्या एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारं बसवली. सहा अवजारं आणि स्प्रिंगा फक्त दोन. आजवर या प्रकारात जे जे झालं त्याचा पाया तोच.

प्रीमियम कंपनीकडे भारीतलं पोलाद असतं. त्याचंच सगळं मल्टीटूल केलं तर दुधात साखर, नाही का?

नाही. हा सगळ्यांत गोड वाटणारा गैरसमज आहे.

धार टिकायला पोलाद कठीण लागतं. पण कठीणपणा आणि चिवटपणा सहसा एकत्र नांदत नाहीत. एक वाढवला की दुसरा बहुधा घटतो. महागड्या चाकूंची पाती रॉकवेल मापावर (कठीणपणा मोजायचं माप, आकडा मोठा तितकं पोलाद कठीण) साधारण 59 ते 63 च्या घरात असतात. असं पातं दोरखंड कापत राहील, पण त्यालाच स्क्रूच्या खाचेत घालून पिळलं तर काय होतं ते मी स्वतः करून बसलोय. एका खोक्याचा स्क्रू सैल होता, स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या खोलीत होता आणि अंगात आळस होता. पात्याचं टोक खाचेत घातलं, हलकंसं फिरवलं. ‘टिच्’ असा आवाज झाला आणि दोन-तीन मिलिमीटर टोक खाचेतच राहिलं. पातं वाकलंसुद्धा नाही, सरळ तुटलं. दोष चाकूचा नव्हता. कापण्यासाठी पाणी दिलेल्या पोलादाकडून मी पिळण्याचं काम मागितलं होतं.

स्विस चाकू करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. एल्झनर यांच्या कारखान्याचीच पुढे झालेली कंपनी म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स. तिच्या चाकूत पाती 56 वर असतात. कात्री, करवत आणि नखांची कानस 53 वर, स्क्रूड्रायव्हर, डबा फोडायचं अवजार आणि आरी 52 वर, तर स्प्रिंगा आणि बूच काढायचा स्क्रू 49 वर. एकाच मुठीत चार वेगवेगळे कठीणपणे. धारेचे शौकीन त्या 56 ला नाकं मुरडतात, पण शेजारचा 52 आणि खालचा 49 कुणी बघत नाही. स्प्रिंग 60 वर नेली तर ती स्प्रिंग राहणार नाही, तिची काच होईल.

प्रीमियम कंपनीने खरं तर इथेच कसब दाखवावं. पातं आपल्या नेहमीच्या उत्तम पोलादाचं, 60 च्या वर. बाकीची अवजारं चिवट, मऊसर पोलादाची, वेगळं पाणी दिलेली. जाहिरातीत ‘सगळं एकाच महागड्या पोलादाचं’ असं छापता येणार नाही, पण माझ्यासारख्यांची टोकं शाबूत राहतील.

एक सांधा उत्तम बसवणाऱ्याला आठ सांधे बसवणं एवढं का अवघड जावं?

कारण ते आठ सांधे सुटे नसतात. एकाच खिळीवर बसलेले असतात.

दोन थरांचा चाकू मनात खोलून बघू. एक पत्रा, मग पातं आणि त्याची स्प्रिंग, पुन्हा पत्रा, मग स्क्रूड्रायव्हर-ओपनरचा थर, पुन्हा पत्रा. या सगळ्यांतून आरपार खिळी. प्रत्येक भागाच्या जाडीत केसाएवढा फरक पडला तरी तो पुढच्यात मिळवला जातो. पाच भागांचे पाच केस शेवटच्या खिळीवर गोळा होतात. खिळी घट्ट ठोकली तर पातं उघडता उघडता नख तुटतं, सैल ठोकली तर सगळंच खुळखुळतं. आजच्या महागड्या एकपाती चाकूत ही अडचण स्क्रूने सोडवलेली असते. सांधा सैल वाटला तर पाव फेरा आवळा, झालं. मल्टीटूलमध्ये एकच स्क्रू तीन-चार अवजारांना आवळतो. पातं मनासारखं झालं की कात्री अडकते, कात्री सुटी केली की पातं हलतं.

त्यातून बेअरिंगचा प्रश्न येतो. हल्लीच्या चाकूंत पातं बोटाच्या टिचकीने उघडावं म्हणून सांध्यात बारीक गोळ्यांचं बेअरिंग घालतात. मजा येते उघडायला. पण स्क्रूड्रायव्हरवर आडवा जोर पडतो, पिळाचा जोर पडतो, आणि तो सगळा त्या इवल्या गोळ्यांवर जातो. ज्या चकतीवर त्या फिरतात तिच्यावर खड्डे पडले की चाल कायमची खरखरीत. वर खिशातला धुरळा आणि कापसाची लव आहेच. मल्टीटूलला साधी कांस्याची चकती किंवा नुसता घासून चकचकीत केलेला पत्राच बरा. ज्या कंपनीची सगळी ओळख त्या सुळसुळीत चालीवर उभी आहे, तिला हे पचायला जड जातं.

आणि एक छोटी गोष्ट, जी वापरल्याशिवाय कळत नाही. चांगल्या स्विस चाकूचा मोठा स्क्रूड्रायव्हर अर्ध्यावर, म्हणजे काटकोनात, ‘कट्’ करून थांबतो. तसा धरला की मूठच तरफ होते आणि अडलेला स्क्रू सुटतो. त्या एका थांब्यासाठी अवजाराच्या बुडाला योग्य जागी सपाट कड लागते आणि स्प्रिंगचा दाब तंतोतंत लागतो. लायनर लॉक आणि फ्रेम लॉक (उघडलेलं पातं मुठीतल्या पट्टीने अडकवून ठेवायच्या तऱ्हा) करत आलेल्या कारखान्याला हे सगळं पहिलीपासून शिकावं लागेल. ही विद्या त्यांच्याकडे नाही असं नव्हे, पण ती दुसरी विद्या आहे.

कोणत्या चाकू कंपनीने आधी असा प्रयत्न केला आहे का?

केलाय, आणि निकाल वेगवेगळे लागले. 1939 पासून पाती करणारी गर्बर पकडीच्या मल्टीटूलमध्ये उतरली आणि तिथे रुळली. झटक्यासरशी पक्कड बाहेर सरकवायची तिची तऱ्हा लोकांच्या हातात बसली. बक कंपनीने ‘बकटूल’ काढलं. पात्याला गोल भोक आणि मुठीला क्लिप या जोडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्पायडर्कोने ‘स्पायडरेंच’ काढलं. त्यात चक्क मागेपुढे होणारा पाना होता. कल्पना भन्नाट होती. ते आता बनत नाही, जुने नग शौकीन जपून ठेवतात.

गर्बरचं एक मात्र लक्षात घ्या. तिथे मल्टीटूल हा जोडधंदा राहिला नाही, कंपनीची ओळखच बदलत गेली. आज तिचं नाव घेतलं की कित्येकांना आधी पक्कडच आठवते. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या कंपनीला ‘आमचं पातं’ हीच ओळख ठेवायची आहे तिने हे उदाहरण नीट पाहून ठेवावं.

टिम लेदरमन यांना चाकू कंपन्यांनी परत पाठवलं आणि पस्तावल्या. तीच चूक पुन्हा का करायची?

हा प्रश्न मला आवडतो, कारण यात दम आहे. पकडीचं मल्टीटूल घडवणारे हे लेदरमन 1975 मध्ये जुन्या फियाट मोटारीतून युरोपात फिरत होते. मोटार बिघडे, मुक्कामाच्या खोलीतले नळ गळत, आणि खिशातल्या साध्या चाकूला पक्कड नव्हती. परत येऊन त्यांनी नमुना घडवला. 1980 मध्ये पेटंट मिळालं. चाकूवाल्यांनी सांगितलं, हा चाकू नाही, अवजार आहे. अवजारवाल्यांनी सांगितलं, आम्ही असल्या खेळण्यांच्या भानगडीत पडत नाही. शेवटी 1983 मध्ये त्यांनी भागीदाराबरोबर स्वतःची कंपनी काढली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गंमत म्हणजे लेदरमन आणि गर्बर दोघींचंही गाव एकच, ओरेगनमधलं पोर्टलंड.

पण परत पाठवणाऱ्या चाकूवाल्यांचं म्हणणं चुकीचं होतं का? बाजाराचा अंदाज चुकला, हे कबूल. वस्तूची पारख मात्र बरोबर होती. ते खरोखरच अवजार आहे. पकडीचे जबडे एकमेकांवर चपखल बसले पाहिजेत, तार तोडायची कड टिकली पाहिजे, मुठी दाबल्यावर वाकता कामा नयेत. यातलं कुठलंच कसब पात्याच्या कारखान्यात आपोआप तयार होत नाही. चाळीस वर्षं तेच करत आलेल्या लोकांशी आज पकडीत स्पर्धा करायची म्हणजे दुसऱ्याच्या आखाड्यात, दुसऱ्याच्या डावाने कुस्ती खेळायची. म्हणून पकडीला माझा नकार आहे. स्विस प्रकाराला नाही, कारण तिथे मुळात पातंच मुख्य आहे.

अवजारं किती असावीत?

आकडे बोलतात. व्हिक्टोरिनॉक्सचा ‘स्पार्टन’ दोन थरांचा, वजन 60 ग्रॅमच्या आसपास. त्याच लांबीचा ‘स्विसचॅम्प’ 33 कामांचा, 185 ग्रॅम. लेदरमनचं पकडीचं ‘वेव्ह प्लस’ 18 अवजारांचं, 241 ग्रॅम. साठ ग्रॅम खिशात असल्याचं भान राहत नाही. दोनशेच्या पुढे गेलं की पँट सांगते, आणि आठवड्याभरात वस्तू खिशातून निघून कपाटात जाते. कपाटातल्या वस्तूला किती अवजारं आहेत याला काही अर्थ उरत नाही.

हौसेला तर अंतच नाही. वेंगर या दुसऱ्या स्विस चाकू कंपनीने 87 अवजारांचा आणि 141 कामांचा एक चाकू केला होता. तो धरायचा कसा, हे एकशे बेचाळिसावं काम.

माझी निवड अशी: मुख्य पातं, काटकोनात थांबणारा स्क्रूड्रायव्हर ज्याच्या पोटातच ओपनर आहे, पाठीला आरी, आणि जमलं तर कात्री. बस्स. दुसरं छोटं पातं घालायचा मोह होईल, तो टाळावा. ज्याने उत्तम पात्यासाठी पैसे मोजले त्याला दुसरं कशाला?

कात्री हवीच का?

वापराचं म्हणाल तर हवीच. सुटलेला धागा, नख, औषधाची पट्टी, चिकटपट्टी ही कामं पात्याने करता येतात, पण कात्रीने निर्धास्त होतात. चारचौघांत पातं काढलं की लोक दचकून बघतात, कात्रीकडे कुणी ढुंकून बघत नाही.

करायला मात्र ती सगळ्यांत चिवट परीक्षा आहे. दोन इवल्या पात्या बुडापासून टोकापर्यंत एकमेकींना घासत गेल्या पाहिजेत, आणि मध्ये उजेड दिसता कामा नये. त्यात उघडी ठेवणारी ती बारीक स्प्रिंग, जी सगळ्यांत आधी दगा देते. माझ्या एका चाकूची कात्रीची स्प्रिंग अशीच मोडली. चाकू महाग होता, कंपनी नावाजलेली होती. मी ती इवली पट्टी सुटी मागितली, तर उत्तर आलं, सुटे भाग देत नाही, चाकू पाठवा. पाठवला. दोन महिन्यांनी कोरा करकरीत दुसरा चाकू आला. त्यांना वाटलं आपण उदार झालो. मला माझा जुना, हाताला बसलेला, मुठीवर ओरखडे असलेला चाकू हवा होता. कात्री देणार असाल तर स्प्रिंग ग्राहकाला घरी बदलता येईल अशी द्या आणि दोन जादाच्या सोबत ठेवा.

पातं लॉक होणारं असावं की साधं, स्प्रिंगवर अडणारं?

सुरक्षिततेला लॉक चांगलं. कायद्याचं गणित वेगळं. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येणारा घडीचा चाकू लॉक नसलेला आणि तीन इंचांपर्यंत धारेचाच असावा लागतो. लॉक होणारं पातं असलेलं मल्टीटूलही त्यातून सुटत नाही. जर्मनीत 2008 पासून एका हाताने उघडून लॉक होणारं पातं कारणाशिवाय घेऊन हिंडता येत नाही. आणि आजचा प्रीमियम चाकू म्हटलं की बहुतेक वेळा नेमकं तेच असतं: एका हाताने उघडणारं, लॉक होणारं.

त्यामुळे मल्टीटूल हा कंपनीसाठी लॉक नसलेला चाकू काढायचा चांगला बहाणा होऊ शकतो. मुख्य चाकू जिथे नेता येत नाही तिथे हा जाईल. मी साधाच निवडेन, पण स्प्रिंग कडक हवी.

बदलता येणारे स्क्रूड्रायव्हरचे बिट, म्हणजे सुटी टोकं, द्यावेत का?

द्यायचे तर सर्वत्र मिळणाऱ्या षटकोनी मापाचे. स्वतःचं वेगळं माप काढणाऱ्या कंपनीचा बिट हरवला की अवजार मेलं. आणि बिट हरवतातच.

हे दुसऱ्या कारखान्याकडून करून घेऊन वर आपलं नाव टाकलं तर?

यावर लोक एकदम भडकतात. जरा थांबा. स्विस सैनिकांच्या चाकूची पहिली खेप स्वित्झर्लंडमध्ये बनलीच नव्हती. तिथल्या कारखान्यांची तेवढी ऐपत नव्हती, म्हणून ती जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली. म्हणजे ज्या वस्तूवर आज देशाचं चिन्ह मिरवतं तिचा आरंभच परक्या कारखान्यात झाला. तेव्हा बाहेरून करून घेणं हे पाप नाही.

पाप वेगळं आहे. बाहेरची तयार वस्तू उचलायची, मुठीवर आपली भारीतली पट्टी चिकटवायची आणि किंमत आपल्या चाकूची लावायची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. शौकीन मंडळी असा चाकू आठवड्यात खोलतात, आतल्या भागांचे फोटो काढतात आणि मूळ वस्तू कोणती ते शोधून काढतात. बाहेरून करून घेतलं तर ते मुठीवरच स्पष्ट लिहावं, कारखान्याचं नाव घ्यावं, पातं तेवढं आपलं घालावं. असं केलं तर मी स्वतः घेईन.

मल्टीटूल फसलं तर मूळ चाकूंच्या नावाला धक्का बसेल का?

बसेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ग्राहक ‘मल्टीटूल सुमार आहे, पण चाकू उत्तम’ असा हिशेब ठेवत नाही. ढिल्या कात्रीकडे बघताना त्याला आपल्या जुन्या चाकूचीही शंका येऊ लागते. म्हणूनच पहिला नग मर्यादित संख्येत, लहान, आणि उशिरा आला तरी चालेल असा काढावा.

पण न काढण्यालाही किंमत आहे, हे चाकूवाले विसरतात. कुंपण दुसऱ्या बाजूने कापलं जातंय. लेदरमनने ‘चार्ज’ मालिकेत एस30व्ही हे पोलाद वापरलं, जे एरवी महागड्या चाकूंचं मिरवण्याचं पोलाद होतं. 2023 मध्ये ‘आर्क’ आलं, त्याचं पातं मॅग्नाकटचं, म्हणजे शौकिनांच्या तोंडी सध्या असलेल्या पोलादाचं. पकडीवाले पात्यापर्यंत चढून आले आणि पातंवाले अजून ‘आपल्याला शोभेल का’ यावर बैठका घेतायत.

वॉरंटी कशी ठेवावी?

लेदरमन 25 वर्षांची देते. व्हिक्टोरिनॉक्स पोलादातल्या आणि कामातल्या दोषांसाठी आयुष्यभराची देते. यापेक्षा कमी देऊन चालणार नाही. मात्र मल्टीटूल लोक चाकूपेक्षा निर्दयपणे वापरतात हे धरून चाला. चाकूने कुणी झाकण उचकटलं तर तो गैरवापर. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर मालक म्हणतो, मग तो आहे कशासाठी? दुरुस्तीच्या टेबलावर माणसं वाढवावी लागतील, आणि हा खर्च आधी धरला नाही तर तिसऱ्या वर्षी टोचतो.

पातंच नसलेलं मल्टीटूल?

हसण्यावारी नेऊ नका. 11 सप्टेंबर 2001 नंतर विमानात पातं नेणं बंद झालं आणि विमानतळांवरची चाकूविक्री कोसळली. 2024 मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने स्वतःच सांगितलं की पातं नसलेल्या अवजारांवर काम चालू आहे. त्यांना ते परवडेल. जिचं सगळं भांडवल पातं आहे त्या कंपनीने पातं काढून टाकल्यावर विकायला उरतं काय?

तोवर मी काय वापरू?

मी दोन वस्तू ठेवतो. खिशात आवडीचा एकपाती चाकू, आणि किल्ल्यांना लावलेलं छोटं, स्वस्त, कात्री-स्क्रूड्रायव्हरचं अवजार. टोक तुटल्यापासून हीच पद्धत. दोन्ही मिळून वजन मोठ्या मल्टीटूलच्या अर्ध्याहून थोडं जास्त होतं.

उद्या असा चाकू आलाच, तर हातात घेऊन काय तपासू?

आधी सगळं मिटून उजेडासमोर धरा. पातं आणि अवजारं एकमेकांना घासत नाहीत ना ते बघा. मग एकेक उघडा. पातं उघडताना शेजारचं अवजार अर्धं वर येतंय का? आलं तर स्प्रिंग किंवा जाडी चुकली आहे. स्क्रूड्रायव्हर काटकोनात थांबवा आणि मुठीला हलकासा पीळ द्या, तो मिटायला बघता कामा नये. कात्रीने पातळ कागद टोकाकडून कापा, बुडाकडून सगळ्याच कात्र्या कापतात. शेवटी चाकू मिटून पाठीवरून अंगठ्याचं नख आडवं फिरवा, मग उघडून पुन्हा फिरवा. स्प्रिंगची पट्टी, पत्रा, पुन्हा पट्टी, सगळं एका पातळीत लागलं पाहिजे. नख कुठे अडलं तर चाकू परत ठेवा.